बूस्ट वाढवण्याआधी उष्णतेचा हिशेब

१९६२ साली अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची गाडी बाजारात आणली. साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर टर्बोचार्जर आणि २१५ हॉर्सपॉवर. त्या काळच्या मानाने आकडा भारी होता. तो गाठायला इंजिनियरांनी एक धाडस केलं होतं. टर्बो लावताना इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवायचं, ही रूढ वाट सोडून त्यांनी ते १०.२५ला १ असं चढंच ठेवलं. एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून टर्बोचा दाब आला की पेट्रोल वेळेआधी भडकणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून गाडीत एक वेगळी टाकी दिली. तिच्यात मिथेनॉल आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण भरायचं. टर्बो जोरात चालू लागला की हे मिश्रण हवेत फवारलं जाई आणि तिला गार करी. कंपनीने त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव दिलं होतं.

टाकी रिकामी झाली तर काय, याचाही विचार झाला होता. मिश्रण संपलं की एक जादा झडप मिटायची आणि टर्बोचा दाब आवरायचा. इंजिन वाचायचं, पण गाडी मरगळायची. लोकांनी टाकी भरलीच नाही. गाडी पळत नाही म्हणून तक्रारी मात्र केल्या. दोन वर्षांत उत्पादन थांबलं आणि पुढे अनेक जेटफायरांचा टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

टर्बो इंजिनाची ताकद वाढवायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी वाचावी. ताकद मिळवणं ओल्ड्समोबिललाही जमलं होतं. अडलं ते तिच्यासोबत येणाऱ्या उष्णतेपाशी. आज गाडीला लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात तीस हॉर्सपॉवर वाढवून देणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. ती ताकद खरंच येते. पण ती उष्णता कुठे गेली, हे त्यांच्यातल्या थोड्यांनाच विचारावंसं वाटतं.

टर्बोची मूळ कल्पना स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूशी यांची. त्यांचं पेटंट १९०५चं. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धुराच्या रूपाने वाया जाते. त्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र, आणि दाबलेली हवा परत इंजिनात. हवा जास्त आली की पेट्रोल जास्त जाळता येतं. छोट्या गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत पोचतो आणि पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूला हजार अंशांच्या आसपासचा धूर असतो. दांडा ज्यावर तरंगतो तो तेलाचा थर कागदाहून पातळ. हे सगळं लाखभर किलोमीटर बिनबोभाट चालतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

आता आकड्यांकडे येऊ. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तोच नियम. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांची असते. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तीच हवा १४५ अंशांच्या आसपास जाते. आता दाब दुपटीऐवजी २.४ पट करा. छोटा टर्बो इथे स्वतःच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर जातो, कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर घसरली असं धरू. मग ३० अंशांची हवासुद्धा १६० अंश ओलांडते. दाब वाढला पाचव्या हिश्शाने, तापमानातली वाढ मात्र ९५ अंशांवरून १३०च्या पुढे गेली.

घाट चढताना आणखी एक गंमत होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण ८६ टक्केच. मुंबईत टर्बोने हवा दुप्पट दाबली की काम भागतं, तिथे तेवढाच अंतिम दाब हवा असेल तर २.३ पट दाबावी लागते. वरची हवा थंड म्हणून गाडी खूश असेल, असं आपल्याला वाटतं. बाहेरचं तापमान सारखंच धरलं तरी टर्बोतून निघणारी हवा तिथे २०-२५ अंशांनी जास्त तापलेली असते आणि दांडाही जास्त वेगाने फिरत असतो.

ही तापलेली हवा तिला गार करणाऱ्या इंटरकूलरमधून जाते. १२५ अंशांची हवा ५० अंशांवर आणली तर तिची घनता जवळजवळ २३ टक्के वाढते, म्हणजे दाब न वाढवता तेवढा प्राणवायू जास्त. सुरक्षित ट्यूनिंगमधली सर्वांत निरुपद्रवी सुधारणा हीच. चांगला इंटरकूलर ताकद देतो आणि उष्णता कमीही करतो. बाकीच्या बहुतेक सुधारणा उष्णता वाढवून ताकद देतात. तरी लोक आधी आवाजाचा सायलेन्सर घेतात. इंटरकूलर बंपरच्या आड असतो, त्याचा आवाज येत नाही, हे कारण असावं.

एवढ्या उष्णतेला घाबरायचं कशासाठी? नॉकिंगसाठी. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की आग सिलिंडरमध्ये एका बाजूने पसरत जाते. तीन हजार आरपीएमला हे काम सुमारे तीन सहस्रांश सेकंदांत उरकतं. पण आग पोचायच्या आत शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि तापाने आपोआप पेटलं, तर ते जळत नाही, फुटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर आपल्याला धातूवर खडे मारल्यासारखा आवाज येतो. पिस्टनच्या पृष्ठभागाशी वायूचा एक शांत, तुलनेने थंड थर असतो, तो या लाटा खरवडून टाकतात. मग अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन थेट ज्वाळेसमोर येतो. वितळलेली कड, तुटलेली रिंगांमधली भिंत, गेलेलं हेड गॅस्केट: गॅरेजमध्ये इंजिन खोलल्यावर दिसणाऱ्या या सगळ्यामागे बहुतेक वेळा हाच गुन्हेगार असतो.

जेटफायरने जे टाकीभर मिश्रणाने करायचा प्रयत्न केला, ते स्वीडनच्या साबने वीस वर्षांनी एका छोट्या सेन्सरने केलं. १९७७मध्ये साबने ९९ टर्बो दाखवली तीच मुळी वेगळ्या विचाराची होती. त्याच्या चार वर्षं आधी बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ नावाची गाडी काढली होती, तिच्यात खालच्या आरपीएमला काहीच नाही आणि मग एकदम लाथ, अशी तऱ्हा. साबच्या पेर गिलब्रांड यांनी टर्बो लहान निवडला, जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारी वेस्टगेट झडप वापरली आणि ताकद रोजच्या रस्त्यावरच्या वेगांत आणून ठेवली. दोन लिटरमधून १४५ हॉर्सपॉवर. पुढे ८०च्या दशकाच्या सुरुवातीला साबने एपीसी ही यंत्रणा आणली. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर, तो नॉकिंगचं कंपन ऐकतो. ठोका ऐकू आला की एक विजेची झडप टर्बोचा दाब तेवढ्यापुरता उतरवते, थांबला की पुन्हा चढवते. हलकं पेट्रोल भरलं तर गाडी थोडी मंद होणार, पण इंजिन शाबूत राहणार. मालकाच्या शिस्तीवर भिस्त ठेवायची नाही, हा साबचा खरा शोध. माझ्या मते टर्बो गाडी घराघरांत आली ती यामुळे.

आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत हे तत्त्व मुरलेलं आहे. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, नॉकिंग ऐकू आलं की आधी ठिणगी उशिरा टाकतो, मग दाब उतरवतो. हवेचं तापमान पाहतो, कूलंटचं पाहतो, धुरातला प्राणवायू मोजतो. रीमॅप करणारा या संगणकातले तक्ते बदलतो: किती दाब मागायचा, ठिणगी केव्हा, पेट्रोल किती, कमाल टॉर्क किती. इथेच ‘कंपनीने मुद्दाम कमी ठेवलंय, आम्ही मोकळं करतो’ हे वाक्य ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे.

खरा अर्धा भाग असा: कंपनी एकच इंजिन अनेक देशांत विकते. कुठे ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, कुठे ९८; ऑक्टेन जितका जास्त, तितकं नॉकिंग उशिरा. कुठे उणे वीस अंश, कुठे अधिक पंचेचाळीस. मालक ऑइल वेळेवर बदलेल याची खात्री नाही. म्हणून ती वाव राखून ठेवते. फोक्सवॅगनचं एक लिटरचं टीएसआय इंजिन भारतात पोलोमध्ये ११० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देत होतं, टायगुनमध्ये ते ११५ देतं.

खोटा अर्धा भाग कळायला फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल बघावं. हे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावातही बनायचं आणि स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं, की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. काही गाड्यांत ते ७५ पीएस, काहींत ९०. त्या पंधरा पीएसचा फरक केवळ सॉफ्टवेअरचा नव्हता. ९०वाल्यात पाती वळवता येणारा, बदलत्या भूमितीचा टर्बो होता, ७५वाल्यात साधा. ७५वाल्याला संगणकातून ९०च्या पुढे रेटणारा माणूस कुलूप उघडत नसतो. ज्या कामासाठी कंपनीने वेगळा भाग बसवला, ते काम तो जुन्याच भागाकडून करवून घेत असतो.

आता एका गाडीवर हा सगळा हिशेब मांडून पाहू. पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यातली, २०१३मध्ये आलेली, आणि आपल्याकडे रीमॅपच्या वेडाला तिने बरंच खतपाणी घातलं. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सोबत सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी गिअरबॉक्स. या गिअरबॉक्सची कंपनीने सांगितलेली कमाल टॉर्क-क्षमता २५० न्यूटन-मीटर. म्हणजे कागदावर ७५ न्यूटन-मीटरचा वाव दिसतो. तुलनेला तिच्याच घरातली १.५ टीएसआय टायगुन घ्या. तिचं इंजिन मुळातच २५० न्यूटन-मीटर देतं आणि डीएसजी त्याच जातीचा. तिथे वाव शून्य. ‘अमक्याच्या पोलोत इतकं वाढलं, माझ्यात का नको’ या प्रश्नाचं उत्तर इंजिनात नसून अनेकदा त्याच्या मागे बसलेल्या डब्यात असतं.

पोलोतही ७५चा वाव पुरता खर्चायचा नसतो. २५० ही नव्या क्लचची मर्यादा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाच वर्षं रांगलेल्या क्लचची नव्हे. शहाणा ट्यूनर २१०-२२०च्या आसपास थांबतो.

ताकद कुठल्या आरपीएमला वाढवायची, हा त्याहून महत्त्वाचा निर्णय. पोलोचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क सुमारे १,५०० ते ४,१०० आरपीएमपर्यंत सपाट राहतो आणि मग उतरतो. ५,००० आरपीएमला तो १४७च्या जवळपास असतो आणि तेच १०५ पीएस. टॉर्कचा कमाल आकडा अजिबात न वाढवता तो ५,०००पर्यंत सपाट ठेवता आला, तरी गणिताने १२५ पीएस होतात. कनेक्टिंग रॉडवर आणि गिअरबॉक्सवर एक न्यूटन-मीटरही जादा नाही. फुकटचं वाटतं, पण फुकट नाही. या इंजिनाला सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह आहेत, वरच्या आरपीएमला त्याचा श्वास अडतो. तिथे टर्बोला जास्त दमवावं लागतं, धूर तापतो, पेट्रोल जास्त टाकून तो गार करावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे खाली, दोन हजार आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा करायचा. गाडी रस्त्यावर एकदम जोरकस वाटते, टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक खूश होतं. विकायला सोपा आणि इंजिनाला सर्वांत धोक्याचा मार्ग तोच.

धोक्याचा का, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण आपल्या सवयींशी त्याचा थेट संबंध आहे. आरपीएम कमी असताना पिस्टन वरच्या टोकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, मिश्रणाला तापायला अवधी मिळतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत १,५०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, पूर्ण भार असताना, कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला ऑइलमिश्रित थेंब किंवा काजळीचा कण हे त्याचं निमित्त. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. नॉकिंगचा सेन्सर इथे उपयोगी पडत नाही, कारण तो ऐकेपर्यंत घाव बसलेला असतो. एकाच घावात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. ऑइलमधली कॅल्शियमची रसायनं याला हातभार लावतात असं दिसल्यावर ऑइलची मानकंच बदलली: २०१८मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२०मध्ये एपीआय एसपी. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडीला डब्यावर एसपी लिहिलेलं आणि गाडीच्या कंपनीची मान्यता असलेलं ऑइलच घालावं, रीमॅप असो वा नसो.

आणि सवय? अ‍ॅव्हरेज चांगलं मिळावं म्हणून गिअर न पाडता गाडी ओढण्याची. चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर, समोर चढ, पाय पूर्ण दाबलेला. जुन्या साध्या इंजिनांनी हे सहन केलं. टॉर्क वाढवलेलं टर्बो इंजिन सहन करेलच असं नाही. चांगल्या रीमॅपमध्ये अडीच हजार आरपीएमच्या खाली दाब मुद्दाम हळू चढवलेला असतो. ट्यूनरला हा एकच प्रश्न विचारला तरी तो कोणत्या पाण्यातला आहे ते समजतं.

रीमॅपच्या आधी गाडी निरोगी हवी, यावर कुणी वाद घालत नाही आणि तपासणीही कुणी करत नाही. प्लगचा गॅप वाढलेला असेल तर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते, गाडी अडखळते. म्हणून प्लग नवे आणि गॅप थोडा कमी. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या होजला बारीक चीर असेल तर ईसीयू हवा तेवढा दाब यावा म्हणून टर्बोला आणखी पळवतो, आणि चीर कधीच दिसत नाही. धूर भरून तपासावी लागते. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळीचे थर साचतात. ते ७०-८० हजार किलोमीटरला काढून घेतले तर हरवलेली थोडी ताकद बिनधोक परत मिळते. मग चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन. एक जरी ढिला निघाला तर रीमॅपचे पैसे ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवावेत.

पेट्रोलचा मुद्दा सध्या चांगलाच गुंतागुंतीचा झाला आहे. युरोपात ही इंजिनं किमान ९५ ऑक्टेन धरून जुळवलेली असतात. आपल्याकडे अनेक वर्षं साध्या पंपावर ९१ मिळत होतं. त्या पेट्रोलवर ईसीयू नॉकिंग टाळायला ठिणगी मागे सारत बसतो. अशा गाडीला ९५ किंवा त्यावरचं पेट्रोल देणं, ही एकही तक्ता न बदलता मिळणारी पहिली सुधारणा. इंडियन ऑइलने २०२०च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचं पेट्रोलही आणलं. पण सावध: ट्यूनरने महाग पेट्रोलवर बेतलेला रीमॅप टाकला आणि आंबोलीच्या वाटेवर साध्या पंपावर टाकी भरावी लागली, तर आपला जेटफायरचा मालक होतो. रीमॅप करून घ्यायचाच तर नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलवर बेतलेला घ्यावा. वरचं ऑक्टेन ही मग जादा ढाल.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे, म्हणजे ई-२०. इथेनॉलचा ऑक्टेन चढा. वाफ होताना ते पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता शोषतं, म्हणजे जेटफायरच्या मिथेनॉलचंच काम टाकीतून होतं. ट्यूनरच्या दृष्टीने हे वरदानच. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२०ला सुमारे साडेतेरा. त्याच हवेला साधारण आठ-नऊ टक्के जास्त इंधन पुरवावं लागतं. साध्या गाडीत इंजेक्टर आणि पंपाकडे तेवढा वाव असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेल्या गाडीत तो वाव रीमॅपनेच खाल्लेला असू शकतो. मग पाय पूर्ण दाबल्यावर, नेमकं नको तेव्हा, मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण तापतं. म्हणून ई-२० यायच्या आधी केलेले रीमॅप पुन्हा तपासून घ्यायला हवेत, आणि हे काम फारसं कुणी केलेलं दिसत नाही.

डिझेलवाल्यांना नॉकिंगची ही भानगड नसते, त्यामुळे तिथे हात जास्त सैल सुटतो. बूस्ट वाढवला, डिझेल ओतलं, गाडी सुसाट. मर्यादा आहे ती सिलिंडरमधल्या दाबाची आणि धुराच्या तापमानाची. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. कौतुकाची गोष्ट नाही. या उपायांत सर्वांत वाईट ते सेन्सरच्या तारेत जोडायचे स्वस्त डबे. ते कॉमन रेलच्या सेन्सरचा आकडा खोटा करून ईसीयूला फसवतात. रेलमधला दाब कमी आहे असं समजून ईसीयू तो वाढवतो, खरा दाब किती झाला ते त्याला कळतच नाही. साबने इंजिनाला कान दिले, हे डबे ते बुजवतात.

उरलेल्या फॅशनींबद्दल थोडक्यात. पाय सोडल्यावर फटाके फोडणारा रीमॅप जास्तीचं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये जाळतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि टर्बोचं चक्र दोन्ही भाजून काढतो. इंजिनाशेजारी उघडा लटकणारा गोल एअर फिल्टर गरम हवाच ओढतो, त्यापेक्षा कंपनीचा बंद डबा बरा. कन्व्हर्टर किंवा डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काढणं तर सरळ बेकायदा, आणि दुसऱ्यांच्या फुप्फुसांच्या जिवावर.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रीमॅप पोलिसाला रस्त्यावर दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर वेगळ्या नजरेने बघतो, आणि न सांगितलेला बदल हे दावा नाकारायला पुरेसं निमित्त ठरू शकतं. वॉरंटीचंही तसंच. फोक्सवॅगनच्या यंत्रणेत बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीवर खूण पडते, नंतर मूळ फाइल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. वॉरंटी संपायच्या आत रीमॅप करणं मला तरी पटत नाही.

हे सगळं मान्य करून करायचंच ठरलं, तर मोजमापाशिवाय करू नये. डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, रंगीत आलेख बहुतेक जण फ्रेम करतात. तो चाकांपाशी किती ताकद आली एवढंच सांगतो. इंजिनाचं काय झालं ते लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूतून नोंदवलेल्या आकड्यांत असतं. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून सहा हजार आरपीएमपर्यंत एकदा पूर्ण पाय दाबून, तेही एक्स्प्रेसवेवर न जाता डायनोवर, पाच गोष्टी नोंदवायच्या: मागितलेला आणि मिळालेला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरमागे ठिणगी किती अंश मागे सरली, मिश्रणाचं प्रमाण आणि इंधनाच्या रेलमधला दाब. मागितलेला दाब मिळत नसेल तर टर्बो हद्दीवर आहे किंवा हवा गळते आहे. रेलचा दाब वरच्या आरपीएमला खाली बसत असेल तर पंप पुरा पडत नाही. एकाच सिलिंडरची ठिणगी वारंवार मागे सरत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर आणि काजळी तपासायची. रीमॅपच्या आधीचा लॉग हाती असेल तरच नंतरच्याला अर्थ.

आणि हे लॉग थंडीत एकदा घेऊन संपत नाहीत. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत जुळवलेली गाडी विदर्भात मे महिन्यात वेगळी असते. एप्रिल लागला की इंटरकूलरचं कूलंट आणि त्याचा छोटा विजेचा पंप बघून घ्यावा. पोलोत इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात आहे आणि तो पाण्याने गार होतो, पंप बंद पडला तर बाहेरून काही कळत नाही. मग भर दुपारी, इंजिन पुरतं तापल्यावर, पुन्हा लॉग घ्यायचा. ठिणगी चारही सिलिंडरांत चार-पाच अंशांहून जास्त मागे सरत असेल, तर ट्यूनरकडे जाऊन बूस्ट ०.१ बारने उतरवून घ्यायचा. पाच-सात पीएस जातील. पावसाळ्यानंतर हवे असतील तर परत चढवता येतात.